सातव्यांदा हिरवा दिवा

सोबत आलेल्या तानाबाईचा अंगठा यंत्र ओळखेना, म्हणून रंजिता त्या दिवशी घनश्यामच्या ऑनलाइन सेंटरच्या बाकावर तासभर बसली. नाहीतर बाजाराच्या दिवशी घाटंजीत आलेली तांड्यावरची मुलगी बांगड्यांचं दुकान सोडून तिथं कशाला बसेल?

"हळू ठेवा मावशी. दाबू नका."

"कापूस वेचून वेचून रेषाच गेल्या बाप्पा," तानाबाई म्हणाली. "मीच हाओ, म्हणा त्याले."

घनश्यामनं यंत्राला काही म्हटलं नाही. खिशातून रुमाल काढून तिचं बोट पुसलं. पुन्हा पुसलं. रांग कुरकुरत होती, तो मात्र जणू आज एवढंच काम आहे असा. शेवटी हिरवा दिवा लागला आणि म्हातारीचं रेशन शाबूत राहिलं. रंजिताच्या हातातला पेरू अर्धा खायचा राहून गेला होता.

बोलावं की नको... पण निघता निघता तिनं विचारलंच.

"लिहायचं काम भेटते म्हणे ऑनलाइन. त्याचा फॉर्म भरून द्याल काय?"

"कोण लिहिणार?"

"मी जी. नाई तं काय तानाबाई?"

तो पहिल्यांदा हसला. बारावीनंतर घरी बसून बी.ए. केलेली ही मुलगी तांड्यावरच्या प्रत्येक लग्नाची पत्रिका लिहायची. बाकीचं वहीत लिहायची, ते कोणी वाचत नव्हतं. जगात कुठंतरी कोणी मजकूर लिहून मागतं आणि तो घरबसल्या देता येतो, हे तिनं मोबाइलवर वाचलं, त्या दिवसापासून तिला हातातल्या पेनाचाही थोडा धाक वाटू लागला होता.

घनश्यामनं त्या साइटवर तिचं खातं उघडलं. फोटो हवा होता... चेहरा स्पष्ट, हसरा.

"मोबाइलकडे पाहा."

"पाहून राह्यली."

"मोबाइलकडे म्हटलं... माह्याकडे नाई."

तो फोटो त्यानं पुसला नाही. दुसरा काढला, तो खात्यावर लावला. मेल आयडी तिला नव्हता. "माहाच टाकतो. अर्ध्या तालुक्याचा मीच टाकतो," तो म्हणाला.

नव्या माणसाला दहा टोकन मिळत. एका कामाला अर्ज केला की एक गेलं. दहा संपल्यावर पुढची विकत घ्यायची, आणि ते रंजिताला जमण्यातलं नव्हतं. म्हणजे दहा वेळा दार वाजवायचं. तेवढ्यात उघडलं तर उघडलं... नाहीतर वही पुन्हा पेटीत.

अर्ज घनश्याम लिहायचा. का? तर तालुक्यात त्याच्यासारखा अर्ज कोणी लिहीत नाही म्हणून! चार बाजारांत त्यानं नऊ लिहिले. 'महोदय, वरील विषयास अनुसरून मी खालील सही करणार विनंतीपूर्वक सादर करते की...' सोबत अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पोलीस पाटलानं दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला. एकाचंही उत्तर आलं नाही. चहापत्तीच्या जाहिरातीसाठी दोन ओळी मागणाऱ्या माणसानं तिचं उत्पन्न बघून काय केलं असेल, देव जाणे.

या चार बाजारांत घनश्यामच्या एक लक्षात आलं होतं. सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं. ही म्हणायची, "अहो सेंटरवाले."

पाचव्या बाजारी दहावं काम दिसलं. विजयमाला नावाच्या बाई फार दूरच्या, बर्फाच्या देशात राहायच्या. तिथं वाढणाऱ्या मराठी मुलांना ऐकवायला त्यांना मजकूर हवा होता. नमुना मागितला होता : बसल्या जागेवरून जे दिसतं ते लिहा. मुदत आजची.

घनश्यामनं सवयीनं कीबोर्ड ओढला. "प्रति..."

"थांबा. हा मी लिहिते."

"काहून? माह्या अर्जात का खोट आहे?"

"खोट नाई जी. त्याच्यात मी नाई."

त्याचा चेहरा उतरला. पण त्यानं कीबोर्ड सोडला. समोर तानाबाई निराधार योजनेचे पैसे काढायला बसली होती आणि यंत्र पुन्हा तिला ओळखत नव्हतं. रंजिता बाकावर बसून मोबाइलवर लिहीत राहिली. मान वर करी, बघे, खाली घाली. ऑटोवाला हाका मारू लागला तेव्हा तिनं डोळे मिटून बटण दाबलं आणि पळाली.

आठवडाभर कापूस वेचताना तिच्या मनात एकच... आपली ओळ आता कुठं पोचली असेल? समुद्रावरून गेली असेल? बोंडातून कापूस काढताना बोटाला काटा लागला तरी तिला कळत नव्हतं. "ध्यान कुठं हाय वो तुहं?" तानाबाई विचारायची.

पुढच्या बाजारी ती तानाबाईसोबत आली. घनश्यामनं छापलेला कागद पुढं केला. खाली तिचा नमुना होता :

'एक म्हातारी काचेवर अंगठा ठेवून बसली आहे. चाळीस वर्षं कापूस वेचून तिच्या रेषा पुसल्या गेल्यात. यंत्र म्हणतं, मी हिला ओळखत नाही. समोरचा माणूस चिडत नाही. रुमालानं बोट पुसतो, दोन्ही तळव्यांत धरून ऊब देतो आणि म्हणतो, पुन्हा ठेवा. सातव्यांदा हिरवा दिवा लागतो. माझ्याही बोटांवर उद्या रेषा राहिल्या नाहीत, तर मला ह्याच माणसानं ओळखावं.'

आणि वर उत्तर : 'काम तुमचं. माझ्या खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ आहे आणि मी सकाळपासून तुमच्या गावातला एक रुमाल बघते आहे. एकच विचारते, त्या माणसाला शेवटची ओळ माहीत आहे का?'

रंजितानं कागद पुन्हा वरपासून वाचला. सात समुद्रांपलीकडच्या बाईला तानाबाईचा अंगठा दिसला! आणि मग एकदम तिला आठवलं... मेल आयडी कोणाचा होता ते.

"तू वाचलं?"

'अहो' गेलं होतं. दोघांनाही ऐकू आलं.

"चारदा," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "बाईनं विचारलं आहे. उत्तर द्या लागते ना."

"मंग दे तूच. तुले पुसलं आहे तिनं."

तो दोन बोटांनी टकटक टाइप करत राहिला. प्रिंटर घरघरला. कागद तिच्यासमोर आला.

'विषय : शेवटची ओळ माहीत असल्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून कळवितो की, सदर ओळ माहीत झाली आहे. खालील सही करणार रंजिताला जन्मभर, रेषा असोत वा नसोत, ओळखण्यास तयार आहे. तरी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'

खाली त्याची सही. शेजारी जागा रिकामी.

"मंजुरी कोणाची?" तिनं विचारलं.

"ज्याची आहे त्याले समजते."

त्यानं पेन पुढं केला. तिनं घेतला नाही. टेबलावरचा शाईचा पॅड ओढला, अंगठा टेकवला आणि त्या रिकाम्या जागी अलगद ठेवला.

"अवं, एवढी शिकलेली पोरगी आन् अंगठा लावते?" बाकावरून तानाबाई ओरडली.

कागदावर एक एक रेषा स्वच्छ उमटली होती. रंजिता निळा अंगठा तसाच वर धरून उभी राहिली... आणि घनश्यामनं खिशातून रुमाल काढला.