दारफाळणीच्या दिवशीची हाक

ही ऐकीव गप नाही. जिच्यावर बेतली तिनं ती कधी तिखटमीठ लावून सांगितली नाही. कुणी फारच विचारलं, तर पाठीवरचा पदर तेवढा बाजूला करायची...

साल १९४३. उंब्रज गाव, सातारा-कराड रस्त्यावरचं. दसऱ्याचे दिवस.

गावात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, पाच-सहा घरं होती. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. सिनेगॉग नव्हतं. हसाजीच्या घरची मोठी खोली हीच प्रार्थनेची जागा. लग्नं तिथंच, प्रेषित एलियाहूच्या नावाचा मलिदाही तिथंच.

आणि दारफाळणीचा, म्हणजे दार मिटायचा, सणही तिथंच.

त्या दिवशी कडक उपास. अंगावर पांढरी वस्त्रं. संध्याकाळी शिंग वाजेपर्यंत दार बंद, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. घरातले मेलेले त्या सणाला भेटीला येतात, असं जुनी माणसं सांगायची.

हसाजीची विधवा भावजय सेगुलाबाई त्या साली सणाच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती. तिचा एकुलता एक रूबेन पलटणीत होता. तो लढाईत कामी आल्याची तार उन्हाळ्यात आली होती. आदल्या संध्याकाळीच तिनं त्याचं ताट वाढून ठेवलं होतं.

भर दुपार. प्रार्थना चाललेली.

धप्... धप्...

दारावर थाप पडली.

"आये, दार उघड."

आवाज रूबेनचाच.

सेगुलाबाई उठली. हात कडीवर गेला.

हसाजीनं तिला अडवलं. "वैनी, आपला मेलेला जीव आपसूक आत येतो. त्याला दार लागत न्हाई. भायेर दुसरंच कायतरी सोंग घिऊन आलंय. उघडू नगा."

"आये, लवकर... मारत्यात गं मला..."

मग धावती पावलं आली. कुणीतरी ओरडलं, "खबऱ्या हाय ह्यो. सोडू नगा."

काठी हाडावर बसली की वेगळाच आवाज येतो. तो खोलीत सगळ्यांनी ऐकला. दार गदगदा हललं.

सेगुलाबाईनं कडीवरचा हात काढून घेतला. भीती भुताची वाटली की काठ्यांची, हे पुढं तिलाही कधी सांगता आलं नाही.

हळूहळू सगळं शांत झालं...

संध्याकाळी शिंग वाजलं. हसाजीनं कडी काढली, तसा दाराला टेकलेला रूबेन आत कोसळला. डोकं फुटलेलं, अंग गार. दारावर रक्ताचे पंजे.

तार चुकीची होती. भूमिगतांच्या चळवळीचे दिवस होते; अंगावरची खाकी बघून कुणीतरी त्याला पोलिसांचा माणूस समजलं होतं.

पुढच्या सणाला सेगुलाबाईनं पहाटेच दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात बसली.

"वैनी, आज दार मिटायचा दिस हाय," हसाजी म्हणाला.

"मिटलं हुतं की गेल्या साली."

तो आत प्रार्थनेला गेला.

भर दुपार. अंगणात ऊन. कुत्रंसुद्धा नाही...

धप्... धप्...

भिंतीला टेकलेलं उघडं दार थरथरलं.

"आये, दार उघड."

"उघडंच हाय रं माझ्या बाळा. ये, आत ये."

"आये, दार उघड..."

समोर कुणीच नव्हतं. आणि जो होता, त्याला उघडं दार दिसत नव्हतं.

मग काठ्या सुरू झाल्या.

सेगुलाबाई बाहेर धावली. तो जिथं पडला होता, त्या पायरीवर हात पसरून पालथी झाली. आतल्या बायका बघत होत्या. एकेका तडाख्यासरशी तिचं अंग उसळत होतं. पाठीवरचं लुगडं फाटलं, पांढऱ्यावर रक्त आलं. मारणारं कुणी दिसत नव्हतं. हसाजी खांबाला धरून उभा होता. बाहेर पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही.

नंतर हळद भरताना जाऊ रडत म्हणाली, "का गं जीव द्याया गेलीस?"

"माज्यावर पडल्या, तेवढ्या त्याच्यावर न्हाई पडल्या," सेगुलाबाई म्हणाली.

जगली तोवर ती दर सणाला त्या पायरीवर पालथी पडली.

ती जाऊन खूप वर्षं झाली. घर पडलं, दार कुणीतरी सरपणाला नेलं. पायरी तेवढी आहे. दसऱ्याच्या सुमाराला भर दुपारी तिथून जाणारी माणसं अजून झपाझप पावलं उचलतात.

रूबेनची हाक आता कुणाला ऐकू येत नाही.

काठ्या मात्र ऐकू येतात... कुणाच्या तरी पाठीवर पडल्यासारख्या.