तिप्पट वेगातली राजसी

चिकूचं कलम बांधताना पट्टी घट्ट हवी, पण फांदीचा गळा आवळता कामा नये.

उल्हासनगरच्या बाजारात एकाने जीन्स घेताना विचारलं, "निळी म्हणजे किती निळी?" सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, धुवून बघा."

शेअर रिक्षातली मधली जागा कुणालाच नको असते.

गोधड्यांच्या कपाटात तोंड घालून बोललं की आवाज मऊ येतो.

रेकॉर्डिंग वेगात पळवलं की माणसाचा आवाज चिमण्यांच्या भांडणासारखा लागतो.

त्या थंडीतल्या दुपारी, बदलापूरहून जांभूळकडे निघालेल्या रिक्षात, राजसीच्या कानाशी अशाच चिमण्या भांडत होत्या. ती मधल्या जागेवर. डावीकडे एक पेंगणारी बाई. उजवीकडे एक तरुण — गडद चष्मा, दुमडलेली पांढरी काठी, मांडीवर चिकूचं रोप. प्रत्येक खड्ड्याला रोपाचं एक पान हळूच तिच्या गालाला लागून जाई.

"तुमचं झाड फार लगट करतंय," ती म्हणाली.

"सॉरी हां. घरी गुणी असतं. बाहेर पडलं की ऐकत नाही."

तिला हसू आलं. तो फोन कानाशी धरून काहीतरी ऐकत होता. चिमण्या त्यातूनच येत होत्या. गतिरोधकाशी रिक्षा मंदावली आणि त्या किलबिलाटातला एक शब्द तिला नेमका ऐकू आला… 'निमुळतं'. तिचाच शब्द. तिचाच आवाज.

राजसी अंबरनाथच्या एका ऑफिसात ऑनलाइन कोर्ससाठी काम करायची. सध्या रोपवाटिकेचा एक जुना कोर्स हातात होता. ज्यांना दिसत नाही त्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक चित्राचं वर्णन लिहायचं आणि चिखलोलीच्या घरी, गोधड्यांच्या कपाटात तोंड घालून, आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं. ते तपासायला एक अंध तपासनीस होता. सुयोग. त्याला ती कधी भेटली नव्हती. त्याचे लेखी शेरे मात्र मिरचीसारखे झोंबायचे. "सुंदर पान म्हणजे काय? कडा सांगा." आणि कालचा — "तुम्ही कलमाला कधी हात लावलाय का?" म्हणूनच आज ती रजा टाकून, तणतणत, जांभूळच्या रोपवाटिकेत निघाली होती.

"काय ऐकताय एवढं?" तिने साळसूदपणे विचारलं.

"कोर्स. तपासायचं काम आहे माझं."

"इतका फास्ट? कळतं तरी?"

"सवय आहे. साध्या स्पीडने लावलं तर झोप लागते. त्यात ही बाई… वर्णन झकास करते, पण एकेक शब्द पोळीसारखा लाटत बसते."

"हो का."

राजसीने छाती भरून श्वास घेतला, आणि एका दमात, जीभ अडखळेपर्यंत भरभर, "पान-लांबट-टोकाला-निमुळतं-कडा-सरळ-वरून-चकचकीत-खालून-फिकट —"

चिमण्या थांबल्या. फोन हळूच खाली आला.

"…राजसी मॅडम?"

"पोळी करपली का?"

"तुमचा आवाज असा आहे होय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"असा म्हणजे कसा?"

"नंतर सांगतो. नीट वर्णन करायला वेळ लागतो."

ती निघाली होती ती रोपवाटिका त्याच्याच घरची निघाली. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन, ओल्या मातीचा वास, आणि रांगेतून काठीशिवाय सहज चालणारा तो.

"डोळे मिटा," तो म्हणाला.

"का?"

"पैसे पडत नाहीत. मिटा."

त्याने तिच्या हातात एक कलम दिलं. तिचा अंगठा खालच्या खरखरीत सालीवरून वर सरकला, एका उंचवट्याशी थांबला. त्याच्या वर साल कोवळी, गुळगुळीत. दोन झाडं तिथे भेटली होती, आणि अजून नीट बोलत नव्हती. जोड दाखवायला त्याने तिच्या अंगठ्याला बोट लावलं… आणि लगेच काढून घेतलं.

"सापडलं?"

"हो."

"मग 'हो' एवढं हळू का?"

"थंडी आहे."

"उन्हात उभ्या आहात, मॅडम."

"मॅडम नको."

"बरं… उन्हात उभी आहेस, राजसी."

पुढचे दिवस असे —

शेरा: 'लाजल्यासारखा लाल कोंब' काढ. नुसतं 'लालसर' लिही. परीक्षेत लाजेला मार्क नाहीत.

उत्तर: परीक्षक कुठे लाजतात.

शेरा: हा तपासनीस लाजला ना.

आणि मग एक दिवस यज्ञेश सरांनी मीटिंग घेतली. ऑफिस त्यांचंच. यापुढे वर्णनांना माणसाचा आवाज ठेवायचा की मशीनचा? "आपलं मत बाजूला. ज्यांनी ऐकायचं त्यांचं मत घेऊ. सुयोग म्हणेल ते फायनल."

राजसी निर्धास्त होती. शाळेतलं सूत्रसंचालन, सोसायटीच्या गणपतीतलं निवेदन… लोकांनी तिचं कौतुक केलं ते फक्त आवाजाचं. तो आता कुणाच्या तरी उपयोगी पडत होता. तोच गेला, तर तिच्यापाशी तिचं असं काय उरणार होतं?

सुयोगचं मत आलं. "मशीनचा आवाज द्यावा. तो कितीही पळवला तरी फाटत नाही. मुलं परीक्षेआधी एका बैठकीत सगळ्या धड्यांची उजळणी करतात. मधला प्रत्येक श्वास त्यांना अडवतो. शब्द मात्र राजसीचेच ठेवावेत. एकही बदलू नये."

तिने त्याचे फोन उचलले नाहीत.

शनिवारी घरातला इंटरकॉम वाजला. "मॅडम, एक भाईसाब आये हैं," वॉचमन म्हणाला. "बोलते हैं, नीचे ही रुकेंगे."

तो गेटपाशी उभा होता. संध्याकाळचं पिवळं ऊन त्याच्या खांद्यावर बसलं होतं.

"खोटं लिहायला हवं होतं का?" त्याने पावलांवरूनच ओळखलं.

"नाही."

"मग?"

"बरोबर लिहिलंस, त्याचाच राग आलाय. चुकीचं असतं तर भांडता तरी आलं असतं."

"भांड की. मी वेळ काढून आलोय."

ती गेटची कडी वरखाली करत राहिली.

"शेवटचा धडा मी अजून तपासून दिला नाही," तो म्हणाला.

"माहितीये. सर वैतागलेत."

"रोज लावतो. साध्या वेगात. पट्टी बांधायच्या आधी तू एक श्वास घेतेस… तिथपर्यंत जातो, आणि पुन्हा मागे येतो. धडा काही पुढे सरकत नाही."

"झोप लागत असेल."

"तीच तर उडालीय." त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मुलांना पुढे जायचंय, राजसी. त्यांना मशीन दे. मला कुठेच जायचं नाहीये. मला तू हवीस… त्या श्वासासकट."

रस्त्यापलीकडे अर्धवट टॉवरवरची क्रेन थांबली होती. दिवे लागायला अजून अवकाश होता.

"असा म्हणजे कसा, ते सांगायचं राहिलंय तुझं," ती म्हणाली. आवाज जरा ओला.

"सांगतो. पण बसून. वेळ लागेल."

"लागू दे," राजसी म्हणाली, आणि तिने त्याचा हात आपल्या कोपराला लावून घेतला.

दोन वर्षांपूर्वी सुयोगने याच कोर्सला विद्यार्थी म्हणून नाव घातलं होतं आणि पहिल्याच धड्यात सोडून दिलं होतं. तेव्हा त्यातल्या एकाही चित्राला शब्द नव्हते.