पाणी एक बोट वर

टाकी बसवण्यात काचवाल्याचा फायदा काय होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक म्हणायचे, घरात दुःखाचा डोंगर आणि याला माशांचे चोचले सुचले.

चोचले वगैरे काही नव्हते. त्याला एका माणसाला खोलीतून बाहेर काढायचं होतं. बायकोला. मुलगी गेल्यापासून ती मुलीच्या खोलीत जी बसली ती बसलीच. ताट दाराशी ठेवावं, अर्धं परत यावं. तो जेवणाच्या टेबलाशी एकटा बसे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला मीठ हवंय का विचारे. त्या खुर्चीवर पुन्हा माणूस बसावं, एवढाच त्याचा लोभ. लोभ म्हणून पाहिलं तर फार मोठा नव्हता.

मुलगी सात वर्षांची होती आणि साध्या तापाने गेली. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. ठरे ती फक्त संध्याकाळी. बाप दुकानातून परतायच्या वेळेला ती खोलीतल्या खिडकीला दोन्ही तळवे लावून उभी राही. काचेवर श्वास सोडून गोल धुकं करी आणि त्यात नाक टेकवी. बापाने रस्त्यावरून येऊन बाहेरच्या बाजूने त्याच जागी नाक टेकवायचं, मगच दार उघडायचं, असा तिचा कायदा. आईचा खेळ वेगळा. ती मुलीच्या तळव्याला आपला तळवा लावून बघे आणि म्हणे, "कधी गं मोठी होणार तू?"

आता आई त्याच काचेसमोर बसून असे. काच कोणाला पुसू देत नसे.

"भावोजी, घरात काहीतरी हलणारं आणा," मेहुणी म्हणाली. "हलणारं असलं की माणूस बघायला येतं."

"पंखा आहे की."

"तो तुम्हीच बघत बसा! ताईसाठी म्हणतेय मी."

म्हणून तो रंगीत माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराला सगळे प्रोफेसर म्हणत. एक मासा मागितला तरी तो तासभर शिकवल्याशिवाय देत नसे.

"एंजल घ्या," प्रोफेसर म्हणाला. "शिडाच्या होडीसारखा मासा. माणूस ओळखतो, जवळ गेलात की काचेशी येतो. पण टाकी उंच हवी, वरपासून खालपर्यंत पंख असतात त्यांना. आणि आधी पाणी पिकवायचं. महिनाभर मासे न टाकता टाकी चालू ठेवायची. घाई केलीत तर मासे मेलेच समजा."

"किती घेऊ?"

"सहा. पण राहतील दोन."

"म्हणजे?"

"अहो, लहानपणी गुण्यागोविंदाने नांदतात. मोठे झाले की दोघांची जोडी जमते, आणि जोडी जमली की ती बाकीच्यांना कोपऱ्यात घालून घालून मारते. सहा टाकले की कोणीतरी जाणारच. हा टाकीचा नियम आहे, माझा नाही."

टाकी विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. काचवाल्याने तयार टाकी आणायची म्हणजे न्हाव्याने दाढीला दुसऱ्याकडे जायचं. दुकानात जाड काचेचे उरलेले तुकडे होते. तळ झाला, मागची झाली, दोन्ही बाजू झाल्या. समोरच्या मोठ्या काचेला मात्र तेवढ्या जाडीचं काही मिळेना. आणि तेवढ्या जाडीची एक काच घरात होती. भिंगरी रोज अंग टाकून उभी राहते, फुटायला नको, म्हणून त्यानेच ती खिडकीला बसवली होती.

काचवाला मनाने वाईट नव्हता, पण हिशेबी होता. ही काच हलवली की बायको जिच्यासमोर बसून आहे ती वस्तूच राहत नाही, आणि टाकीही पुरी होते. एका दगडात दोन पक्षी. मेहुणी बहिणीला डॉक्टरकडे घेऊन गेली त्या दुपारी त्याने चौकट सोडवली, नवी काच बसवली, कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि जुनी दुकानात नेली.

स्पिरिटने पुसल्यावर त्याने सवयीने काचेवर श्वास सोडला. कारागीर लोकांना हे ठाऊक असतं, काच पटकन विसरत नाही. चिकटवलेला कागद काढून वर्ष झालं तरी श्वास सोडला की त्याची चौकट उमटते. इथे दोन छोटे तळवे उमटले. मग पुन्हा पुसली, आणि पुन्हा. पुढच्या श्वासाला काच कोरी होती.

खोलीकडची, भिंगरीच्या तळव्यांची गुळगुळीत बाजू त्याने पाण्याकडे घेतली, म्हणजे शेवाळ खरवडायला सोपं. रस्त्याकडच्या बाजूवर पावसाचे डाग होते. ती बाहेर ठेवली, केव्हाही घासता येईल म्हणून. विचार कारागिराचा होता. त्यात बापाने डोकं घातलं नाही, आणि तिथेच चूक झाली.

"तडा गेला होता," संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं.

"जुनी कुठेय?"

"भंगारात दिली."

तिने खोलीत जाऊन दार लावून घेतलं, आणि ताट अख्खं परत आलं.

टाकी बैठकीच्या खोलीत उजेडाकडे तोंड करून ठेवली. वाळू, माशांना अंडी घालायला उभी पाटी, रुंद पानांची झाडं, पाणी कोमट ठेवणारी कांडी, सगळं प्रोफेसरच्या शिकवणीप्रमाणे. पाणी कुठवर भरलं तिथे त्याने काचेवर पेन्सिलीने रेघ मारली. कोमट पाणी उडतं, दर आठवड्याला मगभर घालावं लागेल, असं प्रोफेसरने बजावलं होतं.

पाणी उडालं नाही. महिना संपता संपता ते रेघेच्या एक बोट वर होतं.

त्याने वरून कुठून पाणी गळतंय का पाहिलं, छत तपासलं, मेहुणीला विचारलं.

"मी कशाला घालू तुमच्या टाकीत पाणी? मला माझ्या घरी भांडी पडलीत तेवढी पुरेत."

त्याने मगभर पाणी काढून रेघेशी आणलं आणि मासे सोडले. नाण्याएवढे सहा, चंदेरी, अंगावर काळे पट्टे. थोडा वेळ ते घाबरून पानांमागे राहिले. मग एकेक करून पुढे आले आणि समोरच्या काचेजवळ अर्धवर्तुळ करून थांबले. प्रोफेसरने सांगितलं होतं, माणूस ओळखतात. पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. अर्धवर्तुळाच्या मध्ये एक जागा मोकळी होती, लहान मुलाच्या डोक्याएवढी, आणि सगळ्यांची तोंडं त्या मोकळ्या पाण्याकडे होती. तो डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. कोणी वळलं नाही.

मागे दार वाजलं. बायको बाहेर आली होती, अनवाणी, केस तसेच विस्कटलेले. टाकीजवळ येऊन तिने बराच वेळ पाहिलं.

"हे सगळे कोणाकडे बघतायत?" ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरले होते. त्या रात्री ती टेबलाशी जेवली. खुर्ची मात्र तिने फिरवून टाकीकडे केली होती. एवढं चालायचंच, तो मनात म्हणाला. माणूस बाहेर आलंय, तोंड हळूहळू वळेल.

घर सुधारलं, यात शंका नाही. बायको केस विंचरू लागली, मेहुणीशी दोन शब्द बोलू लागली. एकदा तर तिला हसू आलं. मेहुणीने स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसले आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही डोकं लावलंत हो. मी तुम्हाला उगीच मठ्ठ समजत होते."

मासे वाढत होते आणि भांडत नव्हते. पाणीही चढत होतं. तो गुपचूप मग भरभरून ते काढी आणि कुंड्यांना घाली.

मग उजेडामुळे समोरच्या काचेवर आतून शेवाळाचा हिरवा थर धरू लागला. सगळ्या काचेवर धरला. फक्त दोन जागी धरला नाही. दोन छोटे तळवे, पाचही बोटं पसरलेली, स्वच्छ.

काचवाल्याने स्वतःची समजूत घातली. काच विसरत नाही. तळव्याचं तेल राहिलं असेल, त्यावर शेवाळ चिकटत नसेल. समजूत चांगली होती. तिच्यावर त्याने आठवडा काढला.

पण त्याचा अख्खा जन्म नजरेने मापं घेण्यात गेला होता. काचेतला सुताएवढा फरक त्याला लांबून कळे. आणि तळवे मोठे होत होते. पाण्याच्या रेघेसारखेच, सावकाश, न थांबता.

बायको रोज दुपारी बाहेरून काचेला तळवा लावून बसे.

"वाढतंय लेकरू," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं, जसं कुठल्याही आईच्या असतं.

"अगं, शेवाळ आहे ते."

"हो का?"

"मी म्हणतो, ही काच बदलतो. दुसरी चांगली घालतो."

ती त्याच्याकडे वळली. कित्येक दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं होतं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"एकदा काढलीत," ती म्हणाली, "तेवढी पुरे."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पुढे त्याने तो विषय काढला नाही. काढला असता तर बायको पुन्हा खोलीत गेली असती. तो रोज नुसता बघे, आणि जे दिसत नव्हतं त्याचंच त्याला जास्त लागे. काचेवर तळवे होते. नाक कुठेच नव्हतं. आईचा खेळ चालू होता, बापाचा नाही. कामावरून आल्यावर, बायको स्वयंपाकघरात असली की, तो खाली वाकून काचेपाशी नाक नेई आणि मग लाजून मागे घेई. मासे त्याच्याकडे पाठ करून असत.

दिवस लहान झाले. तळवे शाळकरी मुलीचे राहिले नव्हते; बोटं लांब, सडपातळ झाली होती. एका संध्याकाळी तो आला तेव्हा बायको टाकीजवळ उभी होती, काचेला हात लावून. चेहरा असा की त्याला ती लग्नातली आठवली.

"बघा," ती म्हणाली. "बरोबर जुळला. तिचा माझ्याएवढा झाला."

त्याने पाहिलं. खरंच कुठेही उणंअधिक नव्हतं.

"जेवायला चल," तो म्हणाला.

"तुम्ही बसा. मी आलेच."

तो जेवला. ती तिथेच उभी होती, म्हणून खुर्ची तिच्याजवळ सरकवून तो झोपायला गेला. जाण्याआधी तिच्या खांद्यावर शाल टाकताना तिने त्याच्या हातावर हात ठेवला. हात ओला होता.

सकाळी खुर्ची रिकामी होती.

दाराला आतून कडी होती. तिच्या चपला जागेवर होत्या. शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली.

पोलीस आले, शेजारी आले, मेहुणी जमिनीवर बसून राहिली. "बाई गेल्या कुठून?" हवालदाराने विचारलं. काचवाल्याने घरातली एकेक खिडकी तपासली. लांबी कुठे हलली नव्हती, काच कुठे सुटली नव्हती. या बाबतीत तो चुकणं शक्य नव्हतं.

टाकीखालची जमीन मात्र ओली होती. पाणी काठोकाठ होतं. काठावरून वाहून गेल्यावर जेवढं उरतं, तेवढं.

हवालदाराने त्यात पाय घसरल्यावर तेवढी नोंद घेतली.

मेहुणी महिनाभर येत राहिली. मग तिचं येणं कमी झालं. एकदा जाताना दारात थांबून म्हणाली, "भावोजी, आठवत राहतं हो मला. हलणारं आणा असं मीच म्हटलं होतं." त्याने मान हलवली. तिला दोष देण्यात काय मिळणार होतं?

शेवाळ पुन्हा धरलं. आता चार तळवे होते, दोन-दोन शेजारी, सारख्याच मापाचे. कोणते कोणाचे, हे त्यालाही सांगता येईना.

तो रोज माशांना खायला घाली. टेबलाशी बसे. समोरची खुर्ची टाकीकडे फिरवलेली होती, तशीच राहिली.

मग एका संध्याकाळी तो कामावरून आला आणि दारातच थांबला.

काचेवर, तळव्यांच्या मध्ये, शेवाळात एक गोल पडला होता. वाटीएवढा, स्वच्छ. आणि त्याच्या मधोमध एवढासा ठिपका. सात वर्षांच्या नाकाएवढा.

माशांनी वाट मोकळी केली होती. सहाही जण कडेला उभे होते आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होते.

तो गुडघ्यांवर बसला. पिशवी हातातच होती.

रस्त्याकडच्या बाजूने, नेहमीसारखं, त्याने नाक टेकवलं.

काच कोमट असायला हवी होती. ती खिडकीच्या काचेसारखी गार होती.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरने दुकान उघडलं तेव्हा काचवाला पायरीवर बसला होता. मांडीवर पाण्याची मोठी पिशवी, पिशवीत मासे.

"परत? का हो?"

"मी आता खायला घालू शकणार नाही त्यांना. तुम्ही ठेवा."

"गावाला चाललात?"

"घरीच जातोय."

प्रोफेसरने त्याला आत घेतलं, पिशवी उजेडाकडे धरली, मोजले, आणि पुन्हा मोजले. तळहाताएवढे झाले होते, तेजस्वी, एकाचाही पंख फाटलेला नव्हता.

"सहाच्या सहा!" तो म्हणाला. "असं होत नाही हो. इतकी वर्षं विकतोय. सहा टाकले की जोडी जमते, आणि कोणीतरी जातंच." मग त्याने काचवाल्याकडे निरखून पाहिलं. "आणि नाकाला काय लागलंय तुमच्या? हिरवं?"

काचवाल्याने बोट लावलं. शेवाळ होतं, ओलं. काचेच्या आतल्या बाजूचं. सकाळी दोनदा तोंड धुतलं होतं.

त्याने ते पुसलं नाही.

प्रोफेसरचा नियम खोटा नव्हता. कोणीतरी जातंच. माशांपैकी कोणी गेलं नव्हतं, इतकंच. काचेच्या या बाजूची तिघं गेली होती, आणि त्यातला तिसरा अजून दुकानात उभा होता.