लाल रेघेच्या वर

वाचून कुणाला हसू आलं तर हसू द्या. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्यांच्यासोबत हे घडलं ते सुगतदादा माझे मामेभाऊ. दर्यापूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं, काहीच मानायचे नाहीत. आमच्या घरात कुणी मानतच नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशीच ते सगळं गाठोड्यात बांधून नदीत सोडलं होतं.

म्हणूनच दादांनी जे सांगितलं ते मला झटकून टाकता येत नाही.

साल दोन हजार सहा. एप्रिल. जागा म्हणजे दर्यापूरच्या बाहेर, अकोट रोडला लागून असलेलं त्यांचं घर.

आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर उन्हाची होती. दुपारी चारची.

दादा अन् ज्योत्स्नावहिनींना एकच मुलगी. उत्पला. घरात सगळे पलू म्हणायचे. पाच वर्षांची असताना ती चालता चालता पडायला लागली. मग जिना चढेना. मग उभीच राहीना. स्नायूंचा आजार निघाला. त्याला नाव मोठं होतं, औषध नव्हतं.

अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरवून बघा. पाण्यात शरीराचा भार राहत नाही, हातपाय हलतील.

दादा तिला तिथल्या एका तरणतलावावर घेऊन गेले. काखेत हात घालून तिला पाण्यात उभं धरलं. मग हळूच हात ढिले केले.

अन् पलू उभी राहिली.

"बाबा, सोडा! सोडा ना!"

तिनं एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. काठावर वहिनी तोंडाला पदर लावून रडत होत्या.

परतताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही. खिडकीबाहेर बघून एकटीच हसत होती.

पण दर्यापूरहून अमरावती रोज कशी जमणार? व्हीलचेअर एसटीत चढवा, उतरवा. अर्ध्या वाटेतच पोर गळून जायची. शेवटी दादांनी ठरवलं. घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्यापुरता तलाव बांधायचा.

लोक बोललेच. कपाशीनं माणसं बसवली होती ते साल. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाचाव्या लागतील म्हणून सकाळी पेपर उघडायची भीती वाटावी असे दिवस. अन् सर घरामागं स्विमिंग पूल बांधून राहिले! दादा कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. पाणी बोअरचंच भरायचं होतं. आमचा हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकालाही चालत नाही. कुणाच्या तोंडचं ते काढून घेत नव्हते.

काम घेतलं अकोटच्या अब्दुल रहीम मिस्त्रींनी. हयात पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेलेली. तलाव मात्र पहिलाच.

"ही काळी माती लय बेइमान, सर," ते म्हणाले. "पावसात फुगते, उन्हात फाटते. हिच्यावर भिंत टिकत नाही. आधी हिले काढा लागते."

दिवाळीनंतर खड्डा खोदला. ज्यांच्या स्वतःच्या शेतात काही उरलं नव्हतं तेच लोक खोदायला आले. ट्रॅक्टरनं मुरूम आणून खाली टाकला, धुम्मसानं ठोकला, त्यावर लोखंडी जाळी बांधली. पायऱ्या नाहीत. व्हीलचेअर सरळ आत जाईल असा लांब उतार. उताराच्या कडेनं पलूच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर कठडा.

पलू रोज शाळेतून आली की काठावर येऊन बसायची.

"चाचा, उतार आखीन कमी करा. मले घसरगुंडी नाही पायजे."

"जी, मॅडम," रहीम मिस्त्री कपाळाला हात लावायचे.

पाणी तिच्या छातीपर्यंत यायला हवं होतं. त्यासाठी उंची मोजावी लागली. दादा अन् वहिनींनी दोन्हीकडून धरून तिला उभं केलं. मिस्त्रींनी बांबू टेकवला अन् छातीशी खूण केली.

"पण मी वाढली तं?" पलूनं विचारलं.

वहिनींनी तोंड फिरवलं.

"तं अजून खोल करू ना, बेटा," मिस्त्री म्हणाले. "मी कुठी चाललो?"

जानेवारीत तिला खोकला झाला. साधाच. पण तिच्या छातीतही तो खोकला बाहेर टाकायची ताकद उरली नव्हती. अमरावतीला नेलं. परत आणलं ते गाडीत, पांढऱ्या चादरीत.

तलावाची भिंत तेव्हा उभी झाली होती. फरशी बाकी होती.

काम थांबलं. वहिनींनी मागचं दार लावलं. स्वयंपाकघराची मागची खिडकीही लावून घेतली.

उन्हाळा लागल्यावर रहीम मिस्त्री आले. अंगणात उभ्या उभ्याच बोलले.

"सर, रिकामं टाकं या उन्हात तडकून जाईल. एक तं पाणी भरा, नाही तं बुजवून टाका. तुमी म्हणान तसं."

दादांनी लावलेल्या मागच्या दाराकडे पाहिलं.

"भरा," ते म्हणाले.

बोअर चालू केला. तलाव भरला. मिस्त्रींनी पाण्याच्या बरोबरीनं भिंतीवर लाल पेन्सिलनं रेघ मारली. "थोडं उन्हानं उडंल. तेवढं रोज सकाळी भरून देतो. त्याच्यापेक्षा जास्त उतरलं, तं समजा गळते."

दोन-तीन दिवसांनी ते दादांना शोधत थेट कॉलेजात आले. चेहरा उतरलेला.

"गळते का?" दादांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग?"

"वाढते."

"काय वाढते?"

"पाणी, सर. दुपारी चारच्या सुमारास. कमी होणं मले समजते. हे... वाढून काहून राहिलं?"

दादा हसले. बोअर चालू राहिला असेल म्हणाले.

"बटन मीच बंद केलं. फ्यूज काढून खिशात ठेवला हो, सर."

त्या दिवशी दादा लवकर घरी आले. मिस्त्रींना घेऊन बाजूनं वळसा घालून मागं गेले.

ऊन मी म्हणत होतं. वारा नव्हता. पाणी आरशासारखं. काठावर चिमण्या पाणी पीत होत्या. लाल रेघ पाण्याच्या वर स्पष्ट दिसत होती.

चार वाजले.

अचानक... सगळ्या चिमण्या एकदम उडाल्या.

मग सगळं गप्प. रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज नाही. शेजारच्या जर्सी गाईच्या गळ्यातली घंटी नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं.

पाणी हललं नाही. एक तरंगही उठला नाही.

पण ती लाल रेघ...

हळूहळू पाण्याखाली गेली.

दादा जागचे हलले नाहीत. अर्ध्या एक तासानं पाणी उतरलं. रेघ वर आली. ओली. अन् कुठूनतरी गाईच्या घंटीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दरवर्षी ते हेच तर शिकवायचे. काही पाण्यात उतरलं, की पाणी वर चढतं.

कुणीतरी उतरलं होतं.

"सर, आता मी या कामाले हात लावणार नाही," मिस्त्री म्हणाले. "मी बच्चीसाठी दुआ करतो. पण तुमी इथी एकटे बसत जाऊ नका."

दादांनी ऐकलं नाही. सकाळी ते स्वतःच रेघेपर्यंत पाणी भरायचे अन् रोज चारला मागं जाऊन बसायचे. रोज रेघ बुडायची. एक दिवस त्यांना राहवलं नाही. कपड्यानिशी उतारावरून पाण्यात गेले. चिमण्या उडाल्या. सगळं गप्प झालं. दादांनी दोन्ही हात पुढं केले. अमरावतीला तिच्या काखेत घातले होते, अगदी तसे.

हातांना काही लागलं नाही.

पण पाण्यात तिचा भार तेव्हा तरी कुठं लागत होता?

"पलू," ते म्हणाले, "बाबांनी सोडलं बरं. चाल."

घरात वहिनींना कळेना. जानेवारीपासून ताटावरून उठून जाणारा माणूस पोटभर जेवायला लागला होता. गुणगुणायला लागला होता. अन् रोज त्याची पँट ओली.

एका दुपारी त्यांनी मागचं दार उघडलं.

नवरा कमरेएवढ्या पाण्यात हात पसरून उभा होता. समोर कुणी नव्हतं. तो हसत होता.

"अवो... काय करून राहिले तुमी?"

दादांनी सगळं सांगितलं. रेघ दाखवली. वहिनींच्या डोळ्यांसमोर ती पाण्याखालून वर आली.

दादांना वाटलं, ज्योत्स्ना म्हणेल, मले पण भेटवा. वहिनी मात्र भिंतीला धरून खाली बसल्या.

"चारले येते म्हणता. मग बाकीचा दिवस कुठी राह्यते?"

दादा वाकून पँटचा ओला पाय पिळू लागले.

"रात्री कुठी राह्यते? तिले अंधाराचं भेव वाटे. लाइट बंद केला तं रडे. माझी पोरगी एकटीच बसते का इथी, या खाऱ्या पाण्यात? अन् तुमी रोज भेटून घरात येता, जेवता?"

"ज्योत्स्ना..."

"तिले जाऊ द्या. हे पाणी काढा."

"काढलं तं ती पुन्हा येणार नाही."

"नाही येणार," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच काढा."

ती रात्र दोघांनी भांडण्यात अन् रडण्यात काढली. सकाळी दादांनी मान डोलावली. वहिनींनी एकच अट घातली. पाणी काढायच्या आधी मी एकदा उतरीन.

ज्योत्स्नावहिनींना पाण्याची फार भीती. आयुष्यात कधी नदीत पाय सोडून बसल्या नसतील. त्या दुपारी लुगड्याचा काचा मारला, कठडा घट्ट धरला अन् एकेक पाऊल टाकत आत गेल्या. त्या उतरल्या तसं पाणी वर आलं. दादांनी काठावर बसून तिथं दुसरी रेघ मारली. आता कुणी आलं, तर ही रेघ बुडेल.

चार वाजले.

चिमण्या उडाल्या नाहीत.

गाईची घंटी वाजत होती. रस्त्यानं एक एसटी गेली.

रेघ हलली नाही.

दादा नजर लावून बसले होते. पाणी तिथंच. केसभरही वर नाही.

"आली का?" वहिनींनी विचारलं. डोळे मिटलेले. "सांगा ना. आली का ती?"

दादांनी रेघेकडे पाहिलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे.

"आली," ते म्हणाले.

वहिनींनी पाण्यात हात पुढं केला.

"पलू... मी आई हावो वं. भेऊ नको. दार लावलं होतं मी, रागावली का मायावर? तुयाकडं पाहणंच होत नव्हतं, बाई. आता जाय तू. चालत जाय. इथी कोणासाठी थांबू नको. आमच्यासाठी बी नको."

अन् मग त्या एकदम थांबल्या...

डोळे उघडून पाण्यातल्या आपल्या हाताकडे बघू लागल्या.

"माझं बोट धरलं तिनं," त्या कुजबुजल्या. "तिचीच पकड हाये, अवो. ढिली. तिले घट्ट धरताच येत नव्हतं."

दादांनी रेघेकडे पाहिलं.

ती होती तिथंच होती. कोरडी.

थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "सोडलं."

त्या बाहेर आल्या अन् तशाच ओल्या लुगड्यानं ओसरीवर आडव्या झाल्या. जानेवारीपासून पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

पाणी काढायचंय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी रहीम मिस्त्री पुन्हा आले, त्यांनी मोटर लावून पाणी काढलं. तळाशी काही नव्हतं. दुपारपासून मुरमाचे ट्रॅक्टर यायला लागले. तलाव बुजला. पुढल्या वर्षी दादांनी बदली मागून घेतली अन् दोघं अमरावतीला राहायला गेले.

हे सगळं मला दादांनी मागच्या वर्षी सांगितलं. आम्ही दोघंच गच्चीवर बसलो होतो. मला वाटलं, गोष्ट संपली. मी डोळे पुसले.

पण दादा माझ्याकडे बघत नव्हते.

"तुले समजलं नाही," ते म्हणाले.

"काय, दादा?"

"पलू त्या दिवशी आली. खरंच आली. ज्योत्स्ना खोटं बोलत नाही, अन् ती पकड दुसऱ्या कोणाची असू शकत नाही. पण पाणी वाढलं नाही. ज्याले देहच उरला नाही, त्याच्यानं पाणी कसं वाढंल?"

त्यांनी दोन बोटांत माप धरून दाखवलं.

"आधी रोज वाढे ते सुतळीच्या जाडीएवढं. मी उतरलो की तेवढंच वाढे. म्हणजे पूर्ण वाढलेल्या माणसाएवढं. पलू तं काडीसारखी होती रे. मले पहिल्याच दिवशी समजाले पायजे होतं. समजलंही असंल. मीच समजू दिलं नाही."

खालून कुकरची शिट्टी झाली. वहिनी कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होत्या.

"मग इतके दिवस मी हात पसरून कोणासमोर उभा होतो?" दादांनी विचारलं. "पलू समजून मी त्याले तिच्या सगळ्या आठवणी सांगितल्या. तिले काय आवडे, कशाचं भेव वाटे, कोणत्या कुशीवर झोपे. अर्धा अर्धा तास. अन् ते जे कोणी होतं... ते रोज उभं राहून ऐकत होतं."



वहिनींना यातलं काही माहीत नाही. त्या अजून सगळ्यांना सांगतात, माझी पोरगी माझं बोट सोडून चालत गेली. सांगताना त्यांचा चेहरा शांत असतो.

दादा तेव्हा उठून बाहेर जातात.