खालचा सूर

रेडिओ केंद्रात तिला सगळे ‘फिनाईल’ म्हणत. जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर, घरघर, कुणाचं खोकणं ती अशी पुसून काढी की मुद्रण काल केल्यासारखं वाटे. त्या नावाचा तिला राग नव्हता. थोडा अभिमानच होता.

तो तिच्या खोलीत शिरला चुकून. नवा निवेदक, स्टुडिओ शोधत होता. तिला पाहिलं आणि निघायचं सोडून म्हणाला, “जुन्या टेपा इथेच साफ करतात ना? माझ्याकडे... एक आहे.”

टेप त्याच्या मामाची. मामा पूल बांधणारा, कॉकेशसच्या डोंगरांत उमेदीची वर्षं घालवलेला. गेल्या वर्षी तो गेला. टेप वाजवायचं यंत्र घरात नव्हतंच, त्यामुळे ती कुणी ऐकली नव्हती.

एका बाजूला जॅझ होता. पियानो ऐटीत चालता चालता मधेच एखाद्या जुन्या लोकगीताच्या वळणात शिरे, आणि ड्रमवाला दबकत मागे येई.

“हा जॅझ आहे की रडणं?” तिने विचारलं.

“दोन्ही. मामा म्हणायचा, अझरबैजानच्या लोकांनी जॅझला आजीच्या मांडीवर बसवलंय.”

मग तो रोज संध्याकाळी दोन कप कॉफी घेऊन येऊ लागला. “काम कुठवर आलं?” विचारायचा आणि तासभर बसायचा. जॉर्जियातले पुरुष जेवणाच्या टेबलाभोवती तीन वेगळ्या सुरांत एकच गाणं कसं गातात, हे तो एकट्याने गाऊन दाखवी.

“तुमचे हेडफोन कधी निघतात का हो?”

“एका कानाने ऐकतेय ना!”

“दुसरा कान कुणासाठी राखून ठेवलाय?”

ती पडद्याकडे पाहत राहिली. कान मात्र तापला.

टेपच्या दुसऱ्या बाजूला दुदुक होतं, जर्दाळूच्या लाकडाचं, आर्मेनियातलं सनईसारखं फुंकवाद्य. माणसाने मान खाली घालून बोलावं तसा आवाज. शुक्रवारी तिने ते त्याला ऐकवलं. तो डोळे मिटून बसला. मग डोळे उघडले.

“दुसरा कुठाय?”

“दुसरा कोण?”

“दुदुक दोघं वाजवतात. एक चाल वाजवतो, दुसरा खाली एकच सूर धरून बसतो. तो दुसरा...” तो थांबला. “तो मामा आहे. त्यानेच मला सांगितलं होतं. तुम्हाला शेवटी सांगणार होतो.”

चालीखालची ती अखंड घुमणारी रेघ... मशीनची घरघर समजून तिने ती काढून टाकली होती. टेपवरचा चुंबकीय लेप ती शेवटची वाजवताना भुकटी होऊन झडला होता, ती पुन्हा वाजणार नव्हती. आणि मूळ फाइल?

“ती पुसून तिच्या जागी साफ केलेली ठेवली,” ती म्हणाली. “मला खात्री होती...”

तो रागावला नाही, नुसता उठला. आता हा परत यायचा नाही, एवढं तिला कळलं.

“थांबा!”

काढलेला आवाज आठवडाभर वेगळा ठेवायचा, ही तिच्या विभागाची जुनी रीत. त्या जागेला ‘केराचा डबा’ म्हणत, आणि शनिवारी सकाळी तो आपोआप रिकामा होई. तिने तो उघडला.

खरखर. खुर्चीचं करकरणं. आणि त्यातून एक सूर, श्वासालाही न तुटणारा, जरासा थरथरणारा, हट्टी. चाल संपली असावी तिथे तो थांबला. मग धापा टाकत, हसत, परक्या माणसांच्या गलक्यात कुणीतरी मराठीत ओरडलं, “जमलं रे!”

निवेदक मटकन खाली बसला. हसत होता आणि डोळे पुसत होता.

तिने तो सूर चालीखाली परत ठेवला. करकरणाऱ्या खुर्चीसकट.

“आणखी काय टाकलंय या डब्यात?” त्याने विचारलं.

तिने हेडफोन काढले. दोन्ही कानांवरून.

“काम मंगळवारीच संपलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलं नाही.”

“ठाऊक आहे. पडद्यावर ‘पूर्ण’ लिहिलेलं दिसलं होतं.”

“मग रोज विचारत काय होता?”

त्याने तिचा कप तिच्याकडे सरकवला. “आता उद्या काय विचारू?”

“काही विचारू नकोस,” ती म्हणाली. “नुसता ये.”