लेओन्सचं पाणी

आमच्या बाजूला कुणाचा पोहण्याचा हौद बिघडला, की तो कंपनीला फोन करत नाही. कॅफेत येतो, मला बडीशेपेच्या दारूचा, पास्तिसचा, एक पेला पाजतो आणि मग हळूच विषय काढतो. दुसऱ्या पेल्याशिवाय मला कसलाच बिघाड सापडत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. नळ, कौलं, कुंपणं, हौद, सगळं मी बघतो. थापाही मारतो. डॉक्टरांच्या हौदात मी मगर पकडली होती, ते तुमच्या कानावर आलं असेलच.

ओदेत रुकेतबाई कॅफेत आल्या नाहीत. मे महिन्यातल्या बाजारात, शतावरीच्या जुड्यांपाशी त्यांनी मला गाठलं.

"फुल्क्रां, हौद हिरवा पडलाय. येता का?"

त्यांचा नवरा लेओन्स, आमचा जुना पोस्टमन, गेल्या सप्टेंबरात द्राक्षतोडणी संपता संपता वारला होता. हौद त्याचाच लाडका. हिवाळा सोडला तर रोज सकाळी चर्चचे आठचे टोले पडले की तो पाण्यात उतरायचा आणि बाई काठावर कॉफी घेऊन बसायच्या. त्यांना पोहता येत नसे.

मी ताडपत्री काढली. खाली मटारचं सूप. गाळणीतून पाणी उलटं सोडून ती धुवायला मी नळ फिरवला, घाण बागेकडे वाहू लागली, तशा बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"बाहेर सोडू नका!"

"बाई, मळ आहे तो."

"तो याच पाण्यात पोहायचा."

हौदाचं पाणी आमच्यात कुणी बदलत नाही. ऊन पिईल तेवढी भर घालायची, झालं. लेओन्स गेला, पण त्याचं पाणी तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हौद गळतोय का बघायला, मी पाण्याच्या पातळीला निळ्या टाइलवर पेन्सिलनं रेघ मारली. मोटर बंद. वारा नाही. आठचे टोले पडले आणि रेघ बुडाली. फार नाही, नाण्याच्या जाडीएवढी. थोड्या वेळानं पाणी उतरलं, रेघ पुन्हा कोरडी.

भरायचा नळ गळत असेल म्हणून तो मी पार बंद केला. पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्या सकाळीही.

आता, माणूस पाण्यात उतरला की पाणी चढतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी उतरलो तर शेजाऱ्यांच्या द्राक्षवेलींना पाणी जाईल. लेओन्स काटकुळा होता. त्याचं नाण्याएवढंच.

बाई काठावर बसल्या होत्या, मांडीवर घडी केलेला टॉवेल.

"उतरला," त्या म्हणाल्या. जसं कुणी म्हणावं, दूध आलं.

कॅफेचा मालक गास्पार, त्यानं गल्ल्यामागून टोमणा मारला, "काय रे, रुकेतबाईंच्या हौदात काय निघालं? देवमासा?"

"शेवाळ," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी आजारी आहे असं वाटलं असणार त्याला.

पाणी मात्र सुधरेना. क्लोरीनच्या गोळ्या टाकून टाकून इतक्या वर्षांत ते औषधानं गच्च झालं होतं. नवं क्लोरीन त्याला लागेचना. शेजाऱ्यांनी डासांची तक्रार केली. मी बाईंना समजावलं, उन्हाळ्यात हौद भरायला बंदी येते, त्याआधी अर्धं तरी पाणी काढून ताजं घालू.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"कुठलं अर्धं, फुल्क्रां?"

मी थापाड्या माणूस. पण तेव्हा एक चांगली थाप सुचली नाही. त्यांनीच होकाराची मान हलवली आणि पाठ फिरवली. मी नळी अंजिराच्या झाडाखाली सोडली.

हौद पुन्हा भरला. पाणी आरशासारखं झालं. सकाळी टोले पडले. आम्ही दोघंही टाइलपाशी वाकलो.

चढलं. अर्ध्या नाण्याएवढं.

बाई रडल्या नाहीत. टॉवेलची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली.

त्यानंतर त्यांनी मला गाळणीला हात लावू दिला नाही, भर घालू दिली नाही. त्रामोंतान, उत्तरेचा कोरडा वारा, सुटला, ऊन तापलं, पाणी आटत गेलं आणि परत हिरवं झालं. मी रोज जाऊन नवी रेघ मारायचो. कामच तेवढं उरलं होतं. रोज अर्धंच.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी फाटकातून शिरलो, तर बाई पाण्यात होत्या. शिडीला धरून, गळ्यापर्यंत. केस सुटलेले.

"बाई! वर या!"

"थांबा. तो इथंच आहे."

त्यांनी शिडी सोडली.

मी बुटांसकट धावलो. पण काठाशी पोचेतो त्या आपणहून पायऱ्या चढून वर येत होत्या. शांत. थरथर नाही.

मी सवयीनं टाइलकडे पाहिलं. रेघ बुडालेली.

बाईंनी केस पिळले. मी थांबलो.

बाई बाहेर आल्या तरी रेघ बुडालेलीच.

"लेओन्स... भेटला का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. छान, मोकळ्या चेहऱ्यानं.

"कोण?"

मग नाक मुरडून त्या म्हणाल्या, "आणि ही घाण किती दिवस ठेवायची हो? सगळं पाणी काढून टाका. आजच."

या वेळी थाप लगेच सुचली. मी म्हणालो, मोटर जळलीय. सुटा भाग मार्सेयहून यायचाय.

तेव्हापासून तो भाग वाटेतच आहे. कधी संप, कधी चुकीचा नंबर, कधी कारखान्याला आग. बाई हसतात, मला आळशी म्हणतात. बाजारात गाणं गुणगुणत टोमॅटो निवडतात. लोक म्हणतात, बरं झालं, सावरली.

मी सकाळी ताडपत्रीचा कोपरा उचलतो. आता टोले पडले तरी पाणी चढत नाही. त्या दिवशी चढलं ते खालीही येत नाही.