मावशी अजून आतच आहेत

तो पहिल्यांदा आला तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. त्याचा चष्मा इतका धुरकटला होता, की फाटकावरच्या खिडकीऐवजी तो शेजारच्या नकाशाच्या फलकाशीच बोलला.

"धबधब्याला जायचंय..."

"इकडे," ती म्हणाली.

तो वळला. चष्मा पुसला, घातला, आणि तिच्याकडे बघत जरा जास्तच वेळ गप्प उभा राहिला. उद्यानाच्या फाटकावर नोंदवही सांभाळत तिची नऊ वर्षं गेली होती. माणूस गप्प उभा राहिला की तो मनात खोटं जुळवत असतो, हे तिचं नऊ वर्षांचं संचित ज्ञान.

"किती जण?"

"एकटाच."

"एकट्याला सोडत नाही. वर शेवाळ असतं. पडलात तर सांगायला येणार कोण?"

"एकटाच म्हणजे... मावशी आहे ना सोबत! ती काय, पुढे गेलीसुद्धा." फाटकातून नुकत्याच गेलेल्या बायकांच्या घोळक्यातल्या एका निळ्या छत्रीकडे त्याने बोट केलं.

तिने व्यवसाय विचारून लिहिलं: चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा, आणि मावशी. व्यक्ती दोन. त्याला आत सोडलं आणि मनात संशयाची पाल चुकचुकली, ती काही गप्प बसेना.

धबधबा असायचा जेमतेम दोन महिने. नंतर वाट बंद, ती थेट पुढच्या वर्षी. हे दोन महिने तो दर रविवारी येऊ लागला. दर रविवारी मावशी पुढे गेलेल्या असत, आणि दर रविवारी छत्रीचा रंग वेगळा.

"मावशी गेल्या खेपेपेक्षा बुटक्या झाल्यात," तिसऱ्या रविवारी ती म्हणाली.

"वय झालं की होतं तसं."

"आणि आठवड्यात वीस किलो वजन वाढतं?"

"खाण्यावर ताबा नाही हो तिचा," तो खेदाने म्हणाला.

हसू आलं, पण तिने ते दाबलं. खिडकीच्या या बाजूला हसण्याची सोय नव्हती.

त्याहून वाईट गोष्ट तिच्या पाचव्या रविवारी लक्षात आली. धबधब्याहून परतणारा प्रत्येक माणूस पिळून वाळत घालण्याच्या लायकीचा असायचा. हा परतायचा तो कोरडा ठणठणीत. म्हणजे मावशी खोटी, धबधबाही खोटा! मग हा तासभर आत करतो काय? लाकूड चोरतो? पाखरं पकडतो? की आत दुसरीच कुणी त्याची वाट बघत असते...? शेवटच्या शंकेने तिला दिवसभर जेवण गेलं नाही, आणि मग ती स्वतःवरच संशय घेऊ लागली.

खोटी नोंद करवणाऱ्याचं नाव वरच्या कार्यालयात कळवायचं, की त्याला उद्यान कायमचं बंद, असा नियम होता. तिने दोनदा कागद पुढे ओढला. दोनदा पेन्सिलीला टोक केलं. बस, एवढंच.

आणि मग त्यानेच घोळ घातला. सातव्या रविवारी बाहेर पडताना त्याने स्वतःची वेळ लिहिली आणि मावशींची लिहायला विसरला. वहीच्या हिशेबाने मावशी जंगलात राहिल्या. सोमवारी राहिल्या, मंगळवारी राहिल्या. शनिवारी ती वही घरी नेऊन उशाशी घेऊन झोपली, कारण वरच्या साहेबांच्या हाती लागली असती तर सगळंच संपलं असतं.

आठवा रविवार हंगामाचा शेवटचा. तो आला.

"मावशी कुठे आहेत?" तिने विचारलं.

"ती काय, पुढे—"

"पुढे नाहीत. आतच आहेत, गेल्या रविवारपासून." तिने वही त्याच्यापुढे फिरवली. "आता मी आठ माणसं आणि दोर मागवू, की तुम्ही खरं बोलताय?"

त्याचा चेहरा पडला. "चला," तो हळूच म्हणाला, "दाखवतो."

दाराशी बसलेल्या पहारेकरी काकांनी वही ओढून घेतली. "जा ताई. मावशी आठ दिवस उपाशी आहेत. कुणीतरी शोधायला गेलंच पाहिजे."

वाट ओली होती. झाडांवरून थेंब टपकत होते. पहिल्या वळणावर एक आडवं खोड होतं. तिथे तो थांबला.

"इथेच. दर रविवारी इथे तासभर बसतो."

"आणि धबधबा?"

"एकट्याला परवानगी नाही ना. नियम आहे."

ती बघतच राहिली. "खोटी मावशी लिहायला लावलीत, आणि नियम पाळलात?"

"मावशी खरी आहे हो. फक्त ती तिच्या घरी आहे."

"मग येता कशाला इथे?"

त्याने चष्मा काढला. पुन्हा घातला. "दिवसभर माणसं माझ्यासमोर बसतात... पण बघतात भिंतीवरच्या अक्षरांकडे. वर्षानुवर्षं. तुम्ही पहिल्या दिवशी सरळ माझ्याकडे बघितलंत. संशयाने का होईना... पण बघितलंत. मला त्याची चटक लागली."

तिने त्याच्या चेहऱ्यावर खोट शोधली. उजवी भुवई, डावी भुवई, ओठांचे कोपरे. नऊ वर्षांचं ज्ञान पणाला लावलं. काही सापडेना. असं पहिल्यांदाच होत होतं, आणि तिला त्याची भीती वाटली.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर. आज दोघं आहोत. नियमात बसतं."

धबधबा म्हातारा झाला होता, दोनचार धारा उरल्या होत्या. तरी वाऱ्यासरशी तुषार आले आणि दोघं डोक्यापासून पायापर्यंत भिजली. शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना तिने त्याचा हात धरला, घट्ट, चोर पकडावा तसा. पायऱ्या संपल्या. सपाट वाट लागली. हात तसाच.

"आता घसरत नाही इथे..." तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही."

"बसायला किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही," ती समोर बघत म्हणाली. "जन्मभर चालेल कदाचित. तुमची तयारी आहे का, तेवढं आत्ताच सांगा. खरं सांगा."

तो गप्प उभा राहिला. या खेपेला मात्र तो खोटं जुळवतोय असं तिला वाटलं नाही; तिने वाट बघितली.